चांदूरचा सूर्य आणि रेल्वेचा ठोका

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाच्या नावापुढे बाजार लागला आणि दुसऱ्याच्या पुढे रेल्वे. माणसाला आडनाव असते तसे आमच्या गावाला हे आडनाव मिळाले. देवाचे, झाडाचे, नदीचे नाव धारण करणारी गावे पुष्कळ. पण आगगाडीचे नाव कागदोपत्री आणि बोलण्यातही मिरवणारे गाव विरळा. बडनेऱ्याहून नागपूरकडे निघालात की मालखेड येते, मग चांदूर, मग धामणगाव आणि वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तो आमच्या सोयीसाठी टाकला नव्हता, वऱ्हाडच्या कापसासाठी टाकला होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली ती तेव्हा.

रेल्वेने काय काय आणले, याची यादी शाळेच्या पुस्तकात असते. डाक आली, कापड आले, गिरणीचा भोंगा आला. पण त्या यादीत एक गोष्ट सहसा नसते. रेल्वेने आमच्या गावात परगावची वेळ आणली. आज मला त्या वेळेविषयी बोलायचे आहे. बातम्या सुरू होण्याआधी रेडिओवर जे पिप-पिप वाजते, ते या गोष्टीचे अलीकडचे टोक. पलीकडचे टोक पाण्यावर तरंगणाऱ्या एका वाडग्यात आहे.

त्या वाडग्याला आपण घटिकापात्र म्हणतो. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे भांडे पाण्यात सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. एका घटकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. एका पळाची ६० विपळे, म्हणजे विपळ सेकंदाच्या निम्म्याहूनही थोडे कमी. ‘पळभर थांब’ असे आपण म्हणतो तेव्हा समोरच्याला हिशोबाने २४ सेकंद थांबायला सांगत असतो! लग्नाच्या मांडवात घटका बसवत आणि जोशीबुवा तिच्यावर डोळा ठेवून मुहूर्त सांगत. ‘त्याची घटका भरली’ हा वाक्प्रचार त्याच भांड्यातून आला आणि ‘घड्याळ’ हा शब्दही त्याच घराण्यातला.

मी कविता लिहिणारा माणूस असल्यामुळे शब्द दिसला की उलटून पाहतो. आपण ज्याला ‘तास’ म्हणतो तो शब्द फारसीतून आलेला आहे. तिथेही त्याचा अर्थ वाडगा, परात असाच. हीच परात टांगून तिच्यावर टोले देत, आणि टोल्याचे नाव वेळेला चिकटले. मिनिट आणि सेकंद इंग्रजीतून आले. म्हणजे ‘घटकाभर बस, एका तासाने निघू, पाच मिनिटांचा तर रस्ता आहे’ एवढे साधे वाक्य बोलताना मराठी माणूस तीन मुलखांची घड्याळे एकदम वापरतो आणि त्याला काही अडचण पडत नाही. आणखी एक गंमत सांगतो. संस्कृतात नाडी म्हणजे मनगटावरचे ठोके आणि नाडी म्हणजे एक घटकासुद्धा. काळ हा ठोक्यांनी मोजायचा असतो, हे आपल्या पूर्वजांच्या शब्दांनीच सांगून ठेवले आहे.

आता रेल्वे येण्याआधीची वेळ पाहू. प्रत्येक गावाची दुपार त्या गावापुरती होती. सूर्य माथ्यावर आला की बारा. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. चांदूर रेल्वे साधारण ७८ रेखांशावर आहे. त्या हिशोबाने आमची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ५ तास १२ मिनिटे पुढे येते. मुंबईची ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. चांदूरला दुपार होते तेव्हा मुंबईच्या सूर्याला माथ्यावर यायला २१ मिनिटे बाकी असतात आणि मद्रासचा सूर्य ९ मिनिटांपूर्वीच कललेला असतो.

बैलगाडीच्या काळात या मिनिटांना कुणी विचारत नव्हते. आगगाडी आली आणि प्रश्न पडला. मुंबईहून गाडी निघाली, वाटेत भुसावळ, अकोला, बडनेरा, चांदूर. प्रत्येक ठिकाणी वेगळे बारा वाजत असतील तर वेळापत्रक छापायचे कसे? आणि वेळापत्रकापेक्षा मोठी गोष्ट होती जिवाची. एकेरी मार्गावर दोन्हीकडून गाड्या येतात. दोन स्टेशनमास्तरांची घड्याळे एकमेकांशी बोलत नसतील, तर दोन इंजिने समोरासमोर येतात. एकाच ठोक्यावर सगळ्यांनी चालायचे, ही शिस्त आगगाडीने माणसाच्या मानगुटीवर बसवली हे खरे, पण तिच्यामागे माणसाच्या जिवाचीच काळजी होती.

म्हणून १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या रेल्वेने मद्रासची वेळ उचलली. मद्रासच का? तिथे १७९२ पासून कंपनी सरकारची वेधशाळा होती. मुंबई आणि कलकत्ता यांच्या अधेमधे पडणारी ती वेळ दोन्ही महानगरांना सारखीच गैरसोयीची, म्हणून सोयीची! नॉर्मन पॉगसन हा ज्योतिर्विद १८६१ पासून त्या वेधशाळेचा प्रमुख होता. रात्री दुर्बिणीतून तारे मध्यान्हरेषा ओलांडताना पाहायचे, त्यावरून वेधशाळेचे घड्याळ तपासायचे आणि मग तारायंत्राने तो ठोका देशभर सोडायचा. तारेतून गेलेला विजेचा हा एक झटका म्हणजे विद्युत कालस्पंद. त्याला यंत्रशास्त्रात इंग्रजी पल्स म्हणतात, मी ठोका म्हणतो. चांदूरचा स्टेशनमास्तर त्या ठोक्यावर घड्याळ लावी. बाहेर निंबाच्या सावलीत बसलेल्या शेतकऱ्याचा सूर्य मात्र त्या घड्याळाच्या ९ मिनिटे मागे असे. गावात वेळेची फाळणी झाली ती फलाटाच्या कठड्याशी.

वऱ्हाडी माणसाने याच्यावर आपला तोडगा काढला. त्याने घड्याळाशी भांडण केले नाही, गाडीलाच घड्याळ केले. ‘किती वाजले असतीन, भाऊ?’ असे विचारले की उत्तर यायचे, ‘प्यासिंजर गेली ना बावा आताच.’ जिनिंगचा भोंगा, गाडीची शिटी आणि मशिदीतली अजान, या तिघांवर पुष्कळ घरांच्या चुली पेटत आल्या.

मुंबईत मात्र भांडण झाले, आणि ते ऐकण्यासारखे आहे. १८८१ च्या अखेरीस गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की मुंबई इलाख्यात सरकारी कामाला मद्रासची वेळ चालेल. मुंबईकरांची घड्याळे एका रात्रीत अर्धा तास पुढे ढकलायची होती. लोकांनी ऐकले नाही. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्येच पुरा झाला होता. प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला. त्याच्या घड्याळात मुंबईची वेळ दाखवायची असे विद्यापीठाच्या सेनेटने ठरवले, तर रात्री घड्याळाच्या तबकडीमागे दिवा लावण्याचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला. लढाई अशी दिव्याच्या तेलापर्यंत आली. १८८३ मध्ये सरकारलाच पाऊल मागे घ्यावे लागले.

पुढे १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रिनिचची रेषा जगाची शून्यरेषा ठरली. आपल्या ज्योतिषग्रंथांत हा मान उज्जैनला होता. मग ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी भारतीय प्रमाणवेळ ठरली. तिची रेषा साडेब्याऐंशी रेखांशाची, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारी. रेल्वेने ती १९०५ च्या जुलैत स्वीकारली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सरकारी झाली. मुंबईच्या वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे होती. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम थांबवले, दगडफेकही झाली. त्यांचा हिशोब साधा होता. भोंगा नव्या घड्याळावर वाजणार म्हणजे सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी वाजणार. साहेबाच्या दृष्टीने तो काट्यांचा प्रश्न होता, चाळीतल्या बाईच्या दृष्टीने तो अंधारात उठून भाकरी थापण्याचा प्रश्न होता. मुंबई महानगरपालिकेने आपली मुंबई वेळ पुढे कित्येक वर्षे जपली. कलकत्त्याने आपली १९४८ मध्ये सोडली. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात तर सगळ्या देशाचीच घड्याळे आणखी एक तास पुढे होती.

चांदूरला या सगळ्यात कुणी काही विचारले नाही. आमचा सूर्य तेव्हापासून प्रमाणवेळेच्या १८ मिनिटे मागे चालतो आहे. म्हणजे सरासरीने आमची खरी दुपार १२ वाजून १८ मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती साडेबाराच्याही किंचित पुढे सरकते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून एक-दोन मिनिटांवर येते, कारण सूर्याची चालही वर्षभर एकसारखी नसते. अंगणात काठी रोवा आणि तिची सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते पाहा. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

श्रोतेहो, आता तो ठोका तयार कसा होतो ते पाहू. लंबकाचे घड्याळ १६५६ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियन हायगेन्सने सिद्ध केले. पुढे लंबकाला विजेची जोड मिळाली. मोठ्या स्टेशनांत, कचेऱ्यांत एक मुख्य घड्याळ असे. त्याचा लंबक दर अर्ध्या मिनिटाला विजेचा संपर्क जोडी, तारेतून एक झटका जाई आणि इमारतीतली बाकीची सगळी घड्याळे अर्धा मिनिट पुढे सरकत. त्या बाकीच्या घड्याळांना स्वतःची बुद्धी नव्हती. ठोका आला की सरकायचे, नाही आला की थांबायचे. एका घराण्यात आजोबांनी खाकरले की सगळे उठून बसत, तसेच हे.

रेडिओवर हा ठोका आला ५ फेब्रुवारी १९२४ रोजी. ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख फ्रँक डायसन आणि बीबीसीचे जॉन रीथ यांनी ही सोय केली. वेधशाळेतल्या घड्याळाच्या लंबकाला विजेचे संपर्क बसवले आणि टेलिफोनच्या तारेने सहा ठोके प्रक्षेपण केंद्रापर्यंत नेले. त्यांतला सहावा ठोका ज्या क्षणी सुरू होतो तो क्षण म्हणजे नेमका तास. १९७२ पासून तो सहावा ठोका लांब वाजू लागला, म्हणजे शेवटचा कोणता हे ऐकणाऱ्याला कळावे. १९९० पासून हे ठोके वेधशाळेऐवजी बीबीसीच्या इमारतीतले इलेक्ट्रॉनिक यंत्रच तयार करू लागले.

आपल्याकडे १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भाला घरच्या आवाजात वेळ कळू लागली. बातम्यांच्या आधीचे ते ठोके ऐकून मनगटावरचे घड्याळ लावण्याची सवय दोन-तीन पिढ्यांना होती. चावीचे घड्याळ रोज मिनिट-अर्धा मिनिट इकडेतिकडे जायचेच. माझ्या वडिलांच्या वयाची माणसे घड्याळाचे बटण ओढून, श्वास रोखून उभी राहत आणि शेवटच्या ठोक्याला ते आत दाबत. त्या क्षणी हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत हजारो अंगठे एकाच वेळी दाबले जात असतील, हा विचार मला कोणत्याही देशभक्तीच्या भाषणाहून अधिक हलवून जातो.

असा सेकंदाचा ठोका देणारे यंत्र घरीसुद्धा बनवता येते. आमच्या गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका मित्राने ते बनवले होते. त्याने मला समजावले तसे मी तुम्हाला सांगतो. याचे सोपे रूप म्हणजे ५५५ नावाची चिप. हान्स कॅमेंझिंड यांनी ती १९७१ मध्ये रचली. एक लहानशी विजेची टाकी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. दर खेपेला एक ठोका. अगदी घटिकापात्राचीच बहीण! पण तिच्यात टाकीचे मापच उन्हाने बदलते, म्हणून ती मिनिटांच्या कामाला ठीक, घड्याळाच्या कामाला कच्ची.

पक्के यंत्र करायचे तर क्वार्ट्झचा स्फटिक हवा. गारगोटीच्या कुळातला हा दगड. त्याला वीज दिली की तो थरथरतो, आणि ठरावीक आकारात कापला की ठरावीक वेगानेच थरथरतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९२७ मध्ये त्याच्यावर पहिले घड्याळ चालवले. तेव्हा त्याला खोलीभर जागा लागायची. आज मनगटातल्या घड्याळात तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात मेख आहे. त्याला दोनाने पंधरा वेळा भागा, उत्तर बरोबर १ येते. म्हणजे निम्मे करणारी पंधरा पायऱ्यांची साखळी लावली की शेवटच्या पायरीवर सेकंदाला एक ठोका मिळतो. दोन स्वस्त चिपांत हे काम भागते.

यंत्र उभे केले म्हणजे काम संपले नाही, ते तिथून सुरू होते. माझा मित्र सांगायचा की यंत्र चालवणाऱ्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्यात. एक म्हणजे मिळवणी आणि दुसरी म्हणजे चाल. मिळवणी म्हणजे आपला ठोका जगाच्या ठोक्यावर बसवणे. त्यासाठी स्फटिक थरथरता ठेवायचा, मोजणीची साखळी तेवढी बटण दाबून शून्यावर धरायची आणि रेडिओच्या शेवटच्या ठोक्याला बटण सोडायचे. माणसाच्या बोटाला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा उशीर होतोच, तो गृहीत धरायचा. चाल म्हणजे मिळवल्यानंतर यंत्र दिवसभरात किती मागेपुढे जाते ते. ती दुरुस्त करायला स्फटिकाजवळ एक छोटे फिरते कपॅसिटर असते. ते पेचकसाने केसभर फिरवायचे आणि मग लगेच पुन्हा हात लावायचा नाही. आठ दिवस रोज त्याच वेळी रेडिओशी ताडून पाहायचे, फरक वहीत लिहायचा, मग पुन्हा केसभर. उतावळ्याचे हे काम नव्हे. आणि बॅटरी जोडलेली हवीच, कारण भारनियमनात वीज गेली की मोजणी पुसली जाते आणि वीज परत आल्यावर यंत्र आपल्याच मनाने एकपासून मोजू लागते.

आमच्या वऱ्हाडात आणखी एक पथ्य आहे. हा स्फटिक साधारण २५ अंश तापमानाला जुळवलेला असतो. त्याहून गरम झाला तरी तो मंदावतो आणि गार झाला तरी मंदावतो. पेटी सतत ४५ अंशांत राहिली तर त्याची चाल लाखात सुमारे दीड ठोक्याने घसरते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास तोटा. माघात बरोबर लावलेले यंत्र वैशाखात मागे का पडते, याचे उत्तर हे. मनगटावरचे घड्याळ याला फसत नाही, कारण माणसाचे अंग त्याला बारा महिने एकाच उबेत ठेवते. पेटी भिंतीच्या सावलीच्या बाजूला, जाड लाकडात ठेवावी, पत्र्याखाली ठेवू नये.

आणि ज्या रेडिओशी ताडायचे तो रेडिओसुद्धा नीट ओळखावा. मध्यम लहरीवर दिल्लीचा आवाज थेट आला तर आमच्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा तीनशेवा हिस्सा लागतो. तोच आवाज उपग्रहावरून फिरून आला तर वर-खाली मिळून ७२ हजार किलोमीटर होतात आणि पाव सेकंद जातो. मोबाइलवर इंटरनेटने ऐकलात तर कित्येक सेकंद उशीर होऊ शकतो. ठोका तोच, पण वाटेवर अवलंबून तो ताजा किंवा शिळा होतो.

हे सगळे रेल्वेला पूर्वीपासून ठाऊक होते. रेल्वेच्या १९७६ च्या सामान्य नियमांत एक कलम आहे. गाड्यांचे काम भारत सरकारने ठरवलेल्या प्रमाणवेळेवर चालेल आणि ती वेळ दररोज १६ वाजता, म्हणजे दुपारी चारला, सर्व मुख्य स्थानकांना कळवली जाईल. चांगले घड्याळ घेऊन द्या आणि मोकळे व्हा, असे नियम करणाऱ्याने म्हटले नाही. रोज मिळवा असे म्हटले. घड्याळ कितीही भारी असले तरी ते एकटे राहिले की भरकटते, हे त्या कलमात गृहीत धरले आहे. आज अनेक स्थानकांवर उपग्रहाकडून वेळ घेणारी आकडेवाली घड्याळे लागली आहेत, म्हणजे मिळवणी आता क्षणोक्षणी आपोआप होते. तत्त्व चारच्या ठोक्याचेच आहे.

देशाचा मूळ ठोका आज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार होतो. सरदार पटेलांच्या हस्ते ती २१ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. १९५९ पासून पुष्कळ वर्षे ही प्रयोगशाळा लघुलहरींवर नुसते वेळेचे ठोके प्रक्षेपित करीत असे. ते प्रक्षेपण आता बंद झाले आहे. तिथे सीझियमची अणुघड्याळे आहेत. सीझियमच्या अणूची ९,१९२,६३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या जगाने १९६७ मध्ये मान्य केली. त्या दिवसापासून सेकंद सूर्याचा उरला नाही, अणूचा झाला.

पृथ्वी मात्र अणूइतकी काटेकोर नाही, ती हळूहळू मंदावते. म्हणून १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जगाच्या वेळेत २७ वेळा एकेक सेकंद वाढवावा लागला. शेवटचा वाढला तेव्हा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाच वाजायचे होते. सगळ्या जगाची घड्याळे एक सेकंद सूर्यासाठी थांबली. पण संगणकांना हे थांबणे मानवत नाही. म्हणून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले की २०३५ पर्यंत ही प्रथा बदलायची. राजाबाई टॉवरच्या वेळी झालेले भांडण अजून मिटलेले नाही, एवढाच याचा अर्थ. तेव्हा अर्ध्या तासाचे होते, आता एका सेकंदाचे आहे.

हे एवढे बारीक मोजून करायचे काय, असे कुणी विचारील. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. उपग्रहावरच्या घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याची चूक झाली तर जमिनीवर तीनशे मीटरची चूक होते. रस्ता दाखवणारा मोबाइल तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेतो. बँकेचे व्यवहार, विजेचे जाळे, दूरध्वनीचे मनोरे, सगळे अशाच ठोक्यावर चालतात. तो ठोका जर परक्या देशाच्या उपग्रहाकडून घेतला, तर त्याने हात आखडला त्या दिवशी आपले घड्याळ थांबेल. आपल्या दिशादर्शक उपग्रहमालेतल्या पहिल्या उपग्रहावरची, परदेशातून घेतलेली रुबिडियमची तिन्ही घड्याळे बंद पडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले होते. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर इस्रोने देशात बनवलेले अणुघड्याळ पाठवले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने सर्व व्यवहारांसाठी भारतीय प्रमाणवेळच वापरावी अशा नियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला. मद्रासहून तारेने ठोका सोडणाऱ्या पॉगसनपासून इथपर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांचा आहे.

मग चांदूरच्या त्या १८ मिनिटांचे काय झाले? ती बुडाली का? मला वाटते, नाही. ती दोन ठिकाणी नीट जपून ठेवलेली आहेत. एक, पंचांगात. मुंबईच्या सूर्योदयावर छापलेल्या पंचांगात आपल्या गावासाठी मिनिटे वजा कशी करायची त्याचा तक्ता असतो आणि जाणते लोक तो पाहतात. दुसरे ठिकाण रमजानच्या वेळापत्रकात. रोजा घड्याळाने सुटत नाही, सूर्यास्ताने सुटतो. नागपूरचा सूर्य आमच्याहून सुमारे साडेचार मिनिटे आधी जातो, अमरावतीचा मिनिटभराने नंतर आणि मुंबईचा साधारण वीस मिनिटांनी नंतर. म्हणून नागपूरच्या तक्त्यावर चांदूरचा रोजा सोडता येत नाही. तक्त्यात आकडे छापलेले असतात ते दिल्लीच्या अणुघड्याळाच्या वेळेत, पण ते सांगतात चांदूरच्या क्षितिजाची गोष्ट. जोशीबुवांचे देशांतर आणि मौलवीसाहेबांची मिनिटे, दोघांचे गणित एकच आहे: एका अंशाला चार मिनिटे.

ठोका सगळ्यांचा एक असावा, हे मला पटते. तो नसेल तर गाड्या आदळतील, दवाखान्यातली नोंद चुकेल, दोन माणसांना एका जागी भेटता येणार नाही. पण तो ठोका हा माणसांनी माणसांशी केलेला करार आहे आणि करार करताना ज्याच्या अंधारात भाकरी थापल्या जाणार आहेत त्यालाही विचारायचे असते. १९०६ च्या गिरणी कामगारांचे म्हणणे एवढेच होते. आजही ईशान्य भारतातले लोक वेगळ्या प्रमाणवेळेची मागणी करतात, कारण तिथे सूर्य कचेरी उघडण्याच्या कितीतरी आधी उगवतो आणि कचेरी सुटण्याआधी मावळू लागतो. त्यांचे ऐकताना आपण आपली १८ मिनिटे आठवावीत.

उद्या दुपारी अंगणात काठी रोवून पाहा. सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा घड्याळात किती वाजले ते वहीत लिहा आणि खाली गावाचे नाव लिहा. तो आकडा दिल्लीकडे नाही, लंडनकडे नाही. तो तुमच्या अंगणाचा आहे.